बंदुकीची पावती

पोलीस पाटील नोटीस घेऊन मळ्यात आला तेव्हा पुंजा विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीपाशी लाइटीची वाट बघत बसला होता आणि त्याची बायको सिंधुबाई डुकरांनी लोळवलेल्या मक्यातून कणसं वेचत होती. पाऊस त्या साली हात आखडूनच पडला. जो मका उभा राहिला तो दोघांनी पाणी पाजून पाजून जगवलेला. आता कणसात दाणा भरला, काढणी महिन्यावर आली, तर देवीच्या गडाच्या बाजूच्या डोंगरातून रानडुकरं रोज पहाटे उतरायला लागली. खायची थोडं आणि तुडवायची फार.

"ग्रामपंचायत लागली," पाटील म्हणाला. "आचारसंहिता सुरू झाली. परवान्याच्या बंदुका आठ दिवसांत ठाण्यात जमा करायच्या. कलेक्टरसायबाचा हुकूम हाय."

पुंजाने नोटीस उलटसुलट करून पाहिली. "मतदान गावात आणि डुकरं डोंगरात. माझी बंदूक डुकरांसाठी हाय. त्यांची नावं घातली का यंदा यादीत?"

पाटील हसला. पुंजा काही हसला नाही.

"पीक राखायला म्हणून कलेक्टरनंच परवाना दिला ना? मग पीक तोंडाशी आलं तवा तोच काढून घेतो, हे कुठलं सरकार?"

"ज्यानं दिला त्यालाच काढून घेता येतो, पुंजाभाऊ. परवाना म्हणजे काय बापाची इस्टेट नाय."

"बापाचीच हाय," पुंजा म्हणाला.

तेही खरंच होतं. बंदूक त्याच्या बापाची, ठासणीची. नळीत वरून दारू ओतायची, छर्रे टाकायचे, गजाने ठासायचं आणि मग बार काढायचा. म्हातारा गेल्यावर परवाना थोरल्याच्या नावावर झाला, धाकट्या गोटीरामने मुकाट्याने ना-हरकतीवर सही दिली, आणि बंदूक ओटीवरच्या त्याच लांब खिळ्याला लटकत राहिली. इतकी वर्षं लटकून भिंतीवर तिच्या आकाराचा डाग पडला होता.

सिंधुबाई कणसं वेचता वेचता सगळं ऐकत होती. नोटिशीचा अर्थ तिच्या ध्यानात आला आणि तिला इतकं मोकळं वाटलं की तिची तिलाच लाज वाटली. समोर नवरा हातातलं पीक जाणार म्हणून तडफडतोय आणि आपल्याला बरं वाटतंय, ही काय रीत झाली? पण वाटलं ते वाटलं.

कारण गोष्ट डुकरांची राहिली नव्हती. शेजारचं वावर गोटीरामचं. विहीर सामाईक, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या, आणि पाळीवरून दोघा भावांत उन्हाळ्यापासून कुरबुर चाललेली. त्यात येत्या ग्रामपंचायतीला गोटीराम एका पॅनलमधून उभा राहणार असं ठरलं. पुंजा दुसऱ्या पॅनलवाल्यांच्या पारावर जाऊन बसायला लागला. महिन्याभरापूर्वी बांधावर शब्दाला शब्द लागला तेव्हा पुंजा चारचौघांत म्हणाला होता, "एकदाच बार काढीन. मग कोणाचं पॅनल आणि कोणाची पाळी!" लोक हसले. सिंधुबाईला हसू आलं नाही. पूर्वी बंदूक भरायला पाच मिनिटं लागायची, आणि पुंजाचा राग बहुतेक चार मिनिटांत उतरायचा. पण डुकरं यायला लागल्यापासून तो ती भरूनच टांगत होता.

त्या महिन्यात ओटीवरून जाताना तिची नजर आधी खिळ्याकडे जायची. दोनदा तिने दारूचा डबा पिठाच्या पिंपामागे लपवला आणि दोनदा त्याने तो शोधून काढला. सरकारला अशी बंदूक काढून घेता येते की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. आपल्याला ती काढून घेता येत नाही, एवढं मात्र पक्कं ठाऊक होतं.

ठाण्यात जायच्या दिवशी पुंजाने बंदुकीचं तोंड डोंगराकडे करून आतला बार काढून टाकला. आवाजाने बाभळीवरची पाखरं उडाली आणि म्हैस दाव्याला हिसका देऊन उभी राहिली. मग त्याने बंदूक खताच्या रिकाम्या गोणीत गुंडाळून सुतळीने बांधली आणि सिंधुबाईला म्हणाला, "चल, तुला धरून बसायला लागंल."

मोटारसायकलवर ती मागे बसली आणि बंदूक मांडीवर आडवी घेतली. नवरात्र चालू होतं. गडावर पायी निघालेल्यांची रांग रस्त्याच्या कडेने चालली होती, अनवाणी, हातात झेंडे घेऊन. गोणीतून बाहेर आलेली नळी बघून बाया पोरांना बाजूला ओढत होत्या. सिंधुबाईने पदर पुढे ओढून नळी झाकली. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती, पण त्या बंदुकीला तिने हात लावला तो खंडेनवमीला हळदकुंकू वाहण्यापुरताच. तिचं वजन किती, ते तिला आजच कळलं.

पुंजाच्या खिशात अर्ज होता. पीक संरक्षणासाठी बंदूक जमा करण्यातून सूट मिळावी, असा तो त्याने सेतू केंद्रातून टाइप करून आणला होता, तलाठ्याच्या दाखल्यासकट. ठाण्यात बंदुकांचं काम साधनामॅडम म्हणून एक हवालदार बघत होत्या. त्यांनी अर्ज वाचला, दाखला वाचला आणि पुंजाला बसायला सांगितलं.

"बंदूक आत्ता ठेवून घेते, पावती देते. अर्जावर समिती ठरवेल. मला फक्त चौकशी लिहून पाठवायची आहे. कोर्टकचेरी? गुन्हा?"

"नाय."

"कुणाशी वादविवाद? धमकी वगैरे?"

"कायबी नाय. आपण बरं, आपलं काम बरं."

साधनामॅडमनी लिहिलं. मग पेन तसंच धरून त्यांनी सिंधुबाईकडे पाहिलं. "मावशी, तुमचं काय म्हणणं? घरात असावी का बंदूक?"

असं तिला कोणी विचारील हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. सोबत धरून बसायला म्हणून आणलेली ती. मान हलवून "असावी" म्हणणं सोपं होतं. आयुष्यभर तिने तेच केलं होतं.

"वाद हाय," ती म्हणाली. "धाकल्या दिराशी. पाण्यावरून. आणि इलेक्शनवरून." मग तोंड उघडलंच आहे तर आता मागे कशाला सरायचं, म्हणून तिने पुढचंही सांगून टाकलं. "हे बंदूक भरून ठेवत्यात घरात. मला भ्या वाटतं."

पुंजाने तिच्याकडे पाहिलं नाही. टेबलावर शाईचा पॅड होता, त्याच्याकडे बघत राहिला. त्याचे कान लाल झाले होते. साधनामॅडमनी तेही लिहून घेतलं, पावती फाडली आणि त्याच्यापुढे सरकवली.

बाहेर चहाची टपरी होती. पुंजा बाकड्यावर बसला आणि म्हणाला, "एक चहा." तो एकटाच प्याला, सावकाश, बशीत ओतून. सिंधुबाई मोटारसायकलीपाशी उभी राहिली. पोलीस येत-जात होते, टपरीवाला तिच्याकडे बघत होता, आणि तिने उगाचच आरशावरची धूळ पदराने पुसली. ती नीट बसायच्या आत त्याने गाडी काढली.

चार दिवसांनी अर्ज नामंजूर झाल्याचा निरोप आला. तेव्हापासून पुंजा तिच्याशी बोलेनासा झाला. बोलायचं असलं की म्हशीशी बोलायचा. "सांग तिला, लाइट आली." "विचार तिला, भाकरी कधी व्हायची." म्हैस बिचारी रवंथ करत दोघांकडे बघायची. सिंधुबाईही मग म्हशीलाच सांगायची, "म्हणावं, झालीये. हात धुवा."

आणि डुकरं? त्यांना आचारसंहिता कोण सांगणार? बार वाजायचा बंद झाला हे त्यांना दोन दिवसांत कळलं. सिंधुबाई पहाटे चारला उठून तेलाचा रिकामा डबा आणि दांडकं घेऊन मक्याच्या एका अंगाला उभी राहायची, पुंजा दुसऱ्या अंगाला सुतळी बॉम्ब घेऊन. बॉम्बला डुकरं पहिल्या दिवशी पळाली, दुसऱ्या दिवशी थबकली, तिसऱ्या दिवशी त्यांनी खाणं थांबवलंसुद्धा नाही. तिने जुनी लुगडी फाडून बांधाच्या कडेने काठ्यांना बांधली. डबा बडवून बडवून तळहाताला फोड आले, फुटले आणि त्यात मक्याच्या पातीचं कूस जाऊन आग व्हायला लागली.

कोणीतरी सांगितलं की माणसाच्या केसांच्या वासाला डुक्कर बिचकतं. म्हणून ती वणीच्या बाजाराला गेली आणि चार सलूनं फिरून दोन गोण्या केस गोळा करून आणले. बाजारातल्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. एकीने विचारलं, "काय गं, गादी भरतीस का?" तिने ते केस ओंजळीओंजळीने बांधाच्या कडेने पसरले. डुकरं हुंगताना केस नाकात जाऊन शिंकायची, असं तिने डोळ्यांनी पाहिलं. त्याने अर्धी कटकट कमी झाली. पण अर्धी राहिलीच, आणि रोज सकाळी मक्याची आडवी पडलेली ताटं दिसली की तिला वाटायचं, ही मीच पाडली. पुंजा तसं म्हणत नव्हता. तो म्हशीलाही तसं म्हणाला नाही, आणि तेच तिला जास्त लागत होतं.

खंडेनवमी उजाडली. पुंजाच्या घरात त्या दिवशी पाटावर हत्यारं मांडायची पद्धत बापापासूनची: कोयता, कुऱ्हाड, विळे, टिकाव, द्राक्षछाटणीची कात्री, आणि सगळ्यांच्या मधोमध बंदूक. सिंधुबाईने सगळी हत्यारं धुऊन मांडली आणि मधली जागा मोकळी ठेवली. तिथे काय ठेवावं तिला सुचेना. पुंजाने ओटीवरून ते बघितलं, पाकिटातून घडी केलेला कागद काढला आणि मधोमध ठेवला. ठाण्यातली पावती.

"म्हशीला सांग," तो म्हणाला, "बंदूक नाय तर नाय, तिची पावती पुजा."

तो रागाने बोलला होता, पण सिंधुबाईने ते मनावर घेतलं. तिने इतरांसारखंच त्या कागदावर पाणी शिंपडलं, ओल्या बोटाने हळद लावली, कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. हळद कागदात पसरली. पूजेत हात आखडता घ्यायचा नाही, असं तिला आईने शिकवलेलं.

पुंजाची पाण्याची पाळी दहाला सुरू व्हायची आणि लाइटही त्या दिवशी वेळेवर आली. तो द्राक्षाच्या बागेकडे गेला. सिंधुबाईने नैवेद्याच्या पुरणपोळीला तवा ठेवला आणि तेवढ्यात विहिरीकडून आरडाओरड ऐकू आली. ती दारात आली.

गोटीरामने खंडेनवमी म्हणून ट्रॅक्टर धुवायला काढला होता, आणि धुवायला पाइप जोडला होता सामाईक विहिरीच्या तोटीला. म्हणजे पुंजाच्या पाळीचं पाणी ट्रॅक्टरच्या चाकांवर चाललं होतं. पुंजाने पाइप उपटला. गोटीराम म्हणाला, "दादा, सणाचं दोन बादल्या पाणी नेलं तर काय बुडालं?" पुंजा म्हणाला, "भिकाऱ्यासारखं माग, देतो." गोटीरामच्या पॅनलची प्रचाराची जीप तिथेच उभी होती, आत पाच-सहा माणसं. त्यांच्यादेखत भिकारी म्हटल्यावर गोटीरामने भावाच्या छातीला हात लावला आणि ढकललं. पुंजा चिखलात मागे पडला. टोपी पाण्यात गेली. जीपमधलं कोणीतरी फिदीफिदी हसलं.

पुंजा उठला. त्याने टोपी उचलली नाही. वळला आणि सरळ घराकडे चालत सुटला, मग पळायलाच लागला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, उघड्या डोक्याने, चिखलाने भरलेला.

सिंधुबाई दारात आडवी उभी राहिली. "अहो," ती म्हणाली, "अहो, थांबा." त्याने तिला खांद्याने बाजूला सारलं, ओटीवर चढला आणि हात वर केला.

हात खिळ्यावर गेला. खिळा रिकामा होता.

त्याला काय माहीत नव्हतं? त्यानेच तर गोणीत गुंडाळून नेली होती. पण हाताला माहीत नव्हतं. हात पस्तीस-चाळीस वर्षांच्या सवयीने बरोबर त्या जागी गेला आणि बोटं खिळ्याभोवती वळली. तो तसाच उभा राहिला, हात वर करून. भिंतीवरच्या डागाकडे बघत होता. मग त्याने खाली पाटाकडे पाहिलं. तिथे हळदीने पिवळी झालेली पावती होती, वर झेंडूचं फूल.

कोयता होता, कुऱ्हाड होती. सिंधुबाईचा जीव त्या दोन्हींपाशी अडकला. पण पुंजाने त्यांच्याकडे बघितलंही नाही. तो भिंतीला टेकून खाली बसला.

"भरलेली असती," तो म्हणाला. इतक्या दिवसांनी तो पहिल्यांदा तिच्याशी बोलला होता. "सिंधे, भरलेली असती ती. मी काय करायला आलो होतो गं?"

ती त्याच्याजवळ बसली. तिलाही रडू येत होतं, पण तव्यावरची पोळी करपल्याचा वास सुटला होता आणि उठल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. "काय नाय केलं," ती म्हणाली. "काय झालं नाय. चिखल धुवा आधी. नैवेद्य व्हायचाय." न्हाणीत तिने त्याच्या पाठीवर पाणी ओतलं. गार पाणी, तरी तो बराच वेळ हलला नाही. तिला मात्र वाटलं, छातीवरून कोणी पाटा उचलून नेला.

दसऱ्याला गोटीराम आला नाही. त्याची बायको लताबाई मागच्या दाराने येऊन आपट्याची पानं देऊन गेली आणि जाताना चिखलात गेलेली टोपी धुऊन, वाळवून, घडी करून ठेवून गेली. पुंजाने ती डोक्यावर घातली. कोणी दिली, हे विचारलं नाही.

मतदान झालं. गोटीराम सात मतांनी पडला. त्याच आठवड्यात मका निघाला. तिसरा हिस्सा डुकरांनी नेला, बाकीचा घरात आला. सिंधुबाईला भीती होती त्यापेक्षा बराच जास्त आला. आणि मग ठाण्यातून फोन आला, बंदूक घेऊन जा.

"पावती?" साधनामॅडमनी हात पुढे केला.

सिंधुबाईने प्लास्टिकच्या पिशवीतून पावती काढून दिली. कुंकवाखाली नंबर गेला होता, हळदीखाली नाव.

"हे काय केलंत?"

"पूजा," पुंजा म्हणाला.

"पावतीची?"

"बंदूक तुमच्याकडं होती मॅडम. मग कशाची करणार?"

बाजूच्या टेबलावरचा शिपाई हसू दाबत बाहेर गेला. साधनामॅडमनी रजिस्टर काढलं. त्यात नाव सापडलं. पण मालखान्यात ठासणीच्या तीन बंदुका होत्या, दिसायला सारख्याच. ओलीने तिन्हींच्या चिठ्ठ्या गळून पडलेल्या, आणि पुंजाच्या नळीवरचा नंबर गंजाने कधीचाच खाल्लेला.

"मी ओळखतो की," पुंजा म्हणाला.

"तुम्ही मालक. मला पंच म्हणून दुसरं कुणीतरी पाहिजे. तुमच्या बंदुकीची खूण माहीत असलेलं."

पुंजा दाराबाहेर बघत राहिला. अशा माणसाचं नाव दोघांनाही माहीत होतं. ते घ्यायचं कोणी, एवढाच प्रश्न होता. सिंधुबाईने वाट पाहिली नाही. ती बाहेर गेली आणि लताबाईला फोन लावला.

अर्ध्या तासात गोटीराम आला. प्रचाराचा पांढरा सदरा अजून अंगात होता, पण इस्त्री उतरलेली. भावाकडे न बघता तो मॅडमना म्हणाला, "दस्त्याच्या खालच्या अंगाला बघा. बैल कोरलेला असंल. शिंगं हायत, पाय तीनच."

साधनामॅडमनी एकेक बंदूक उजेडात धरली. तिसरीच्या दस्त्यावर बोटभर बैल निघाला, तीन पायांचा. "आणि चौथा पाय?"

"चौथा कोरायच्या आत बाप आला," गोटीराम म्हणाला. "मी आठ वर्षांचा होतो."

"मार मला बसला," पुंजा म्हणाला. "चाबकाचा."

गोटीरामने मान खाली घातली. "मीच सांगितलं होतं, दादानं कोरला म्हणून."

पुंजाने भावाकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्याला हे माहीत नव्हतं. सिंधुबाईला वाटलं, आता जुन्या बैलावरून नवी मारामारी. पण पुंजाच्या नाकपुड्या थरथरल्या आणि तो एकदम खोकल्यासारखा हसला. "आणि मी समजत होतो, बाप आंधळा झाला!" गोटीरामही हसायला लागला. हसता हसता त्याचे डोळे भरले. "दादा," तो म्हणाला, "त्या दिवशी मी ढकलायला नको होतं." पुंजा म्हणाला, "भिकारी मी म्हणालो."

साधनामॅडमनी बंदूक टेबलावरून पुढे सरकवली. "घ्या. सही करा."

पुंजाने दस्त्यावर हात ठेवला, बैलावरून अंगठा फिरवला आणि बंदूक परत मॅडमकडे सरकवली.

"राहू द्या म्हणतो. मका तर निघाला."

"ठेवता येईल. पण कारण लिहावं लागेल. काय लिहू?"

"हिला विचारा," पुंजा म्हणाला. "मागच्या वेळंला हिनंच सांगितलं होतं. बरोबर सांगितलं होतं."

एवढ्या लोकांत त्याने ते म्हटलं. सिंधुबाईने पदर सावरला. "लिहा," ती म्हणाली, "आता घरात नको. पुढल्या साली डुकरं उतरली तर दोघं भाऊ येऊन नेतील, आणि काढणी झाली की आणून देतील."

साधनामॅडमनी लिहिलं, नवी पावती फाडली आणि या वेळी ती सिंधुबाईच्या हातात दिली.

"वहिनी, हिला हळद लावू नका बरं," गोटीराम म्हणाला.

"लावणार," सिंधुबाई म्हणाली. "पाटावर हीच बरी."

"मग आधी झेरॉक्स काढा," साधनामॅडम म्हणाल्या.

बाहेर तीच टपरी होती. पुंजा बाकड्यावर बसला, सरकून जागा केली आणि म्हणाला, "तीन चहा." पहिला कप आला तो त्याने सिंधुबाईला दिला.